राक्षसतालाचे सौंदर्य

पश्चिम तिबेटच्या पठारावर, उत्तरेकडील कैलास आणि दक्षिणेकडील गुर्ला मांधाता या पर्वतांच्या मधल्या सखल भागात, दोन विस्तीर्ण सरोवरे एकमेकांच्या शेजारी पसरलेली आहेत. पूर्वेकडचे मानस सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटर उंचीवर असून त्याचे क्षेत्रफळ चारशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आणि परीघ सुमारे ८८ किलोमीटर आहे. पश्चिमेकडचे राक्षसताल, ज्याला रावणह्रद असेही म्हटले जाते, त्याहून काही मीटर खाली आणि विस्ताराने लहान आहे. दोहोंवरचे आकाश एकच, वारा एकच, आणि काठावर उभे राहणाऱ्याला दिसणारी हिमशिखरेही तीच. असे असूनही हिंदू आणि बौद्ध, तसेच बोन, म्हणजे आपली मुळे बौद्धपूर्व काळात सांगणारी तिबेटी परंपरा, यांनी मानसाला पावित्र्याचे शिखरस्थान दिले. कैलासाशी ऋषभदेवांच्या निर्वाणाच्या अष्टापद पर्वताची सांगड घालणाऱ्या जैन भाविकांनाही ते वंद्य वाटत आले. राक्षसतालाच्या पाण्यात मात्र हिंदू यात्रेकरू स्नान करत नाही, ते पाणी पीत नाही आणि घरी नेण्यासाठी कलशात भरूनही घेत नाही. निसर्गसौंदर्य हे ईश्वराकडे नेणारे दार आहे, असे विधान धर्मविषयक लेखनात इतक्या सहजपणे केले जाते, की ही दोन सरोवरे त्या विधानाची परीक्षाच घेतात, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. सौंदर्यामुळेच पावित्र्य येत असेल, तर राक्षसताल अपवित्र का ठरले? आणि पावित्र्याचा उगम अन्यत्र असेल, तर पर्वतांमधल्या दुर्गम सरोवरापुढे मनाची जी अवस्था होते, तिला धार्मिक म्हणावे की निव्वळ सौंदर्यानुभव म्हणावे?

राक्षसताल कुरूप असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. वस्तुस्थिती उलट आहे. मानस जवळजवळ गोलाकार आहे. त्याच्या किनाऱ्याची रेषा संथ असून तिच्यात दृष्टी अडून राहावी असे वळण क्वचितच येते. राक्षसतालाचा आकार मात्र लांबट आणि वेडावाकडा आहे, जमिनीची टोके पाण्यात घुसली आहेत, पाणी डोंगरांच्या कुशीत शिरले आहे, आणि मध्ये बेटे आहेत. चित्रकाराच्या नजरेला जे हवे असते, म्हणजे जवळचे आणि दूरचे यांचे थर, रेषेचा खंड, रंगांतील विरोध, ते सारे या वर्ज्य मानलेल्या सरोवरात मानसापेक्षा अधिक आहे. दोन्ही सरोवरांच्या निळाईचे भौतिक कारण एकच आहे: खोल आणि निर्मळ पाणी प्रकाशातील तांबड्या छटा शोषून घेते व निळ्या छटा परत पाठवते, त्यातच त्या उंचीवरील कोरडी, विरळ आणि धूळविरहित हवा रंगाला धूसर होऊ देत नाही. हे स्पष्टीकरण ठाऊक झाल्याने निळाई तसूभरही कमी होत नाही. परंतु ते एक गोष्ट स्पष्ट करते: डोळ्यांना दिसणारे जे काही आहे, त्यात या दोन सरोवरांमध्ये पवित्र-अपवित्र असा भेद करण्यासारखे काही नाही.

मग भेद कोठून आला? हिंदू परंपरेपुरते उत्तर कथेत आहे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात विश्वामित्र रामाला सांगतात, की कैलासावरील मानस सरोवर ब्रह्मदेवाने मनातून निर्माण केले आणि शरयू तेथून निघाली. राक्षसतालाबद्दलची लोककथा सांगते, की रावणाने शिवाला प्रसन्न करून घेण्यासाठी त्याच्या काठी तप केले. येथे एक विसंगती आहे आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. तपश्चर्या कोठेही झाली तरी ती जागा पुनीत होते, असा पुराणांचा सर्वसाधारण संकेत आहे, आणि रावण हा तर शिवभक्तांत अग्रगण्य. त्याने उभारल्याच्या किंवा पूजिल्याच्या कथा असलेली शिवस्थाने भारतात पूज्य आहेत. म्हणजे कथेनेही या सरोवराला वर्ज्य ठरवण्यास पुरेसे कारण दिलेले नाही. वर्ज्यता आधी होती आणि कथा नंतर तिच्याजवळ येऊन बसली, असे मानण्यास जागा राहते.

ज्यांना धार्मिक भेदांमागे काही तरी व्यावहारिक शहाणपण असावे असे वाटते, ते पाण्याच्या चवीकडे बोट दाखवतात. मानसाचे पाणी गोडे आणि राक्षसतालाचे खारट, म्हणून एक पेय आणि दुसरे अपेय, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण त्या तथ्याचा अर्थ थोडा वेगळा निघतो. दोन्ही सरोवरांना जोडणारा गंगाछू नावाचा एक प्रवाह आहे, जो मानसाच्या वायव्य काठावरील च्यू मठाजवळून निघून राक्षसतालास मिळतो. हा प्रवाह नेहमी वाहत नाही. १८१२ मध्ये गोसाव्याच्या वेशात तेथे पोहोचलेल्या विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज पशुवैद्याला तो सापडलाच नाही, आणि १८४६ मध्ये हेन्री स्ट्रेचीने मात्र त्यात चांगले वाहते पाणी पाहिले. भूगोलाची साधी रीत अशी, की ज्या सरोवराला बाहेर जाण्याचा मार्ग असतो त्यातील क्षार पाण्याबरोबर निघून जातात, आणि ज्याला मार्ग नसतो त्यात पाणी वाफ होऊन जाते व क्षार मागे साचत राहतात. मानसाचे जादा पाणी राक्षसतालात उतरत आले आणि राक्षसतालाचे पुढे सतलजेच्या खोऱ्याकडे नियमितपणे वाहणे थांबले. तेव्हा मानसाचा गोडवा काही अंशी तरी राक्षसतालाने त्याचे क्षार पोटात घेतल्यामुळे टिकला आहे. पावित्र्य आणि अपावित्र्य यांच्या जोड्या समाजात जेथे जेथे दिसतात, तेथे तेथे स्वच्छ मानल्या गेलेल्या पक्षाची स्वच्छता दुसऱ्या पक्षाने वाहिलेल्या ओझ्यावर उभी असते. सरोवरांबाबत हे म्हणणे केवळ रूपक राहत नाही. तिबेटी लोक गंगाछू वाहू लागला की तो शुभशकुन मानतात, म्हणजे दोन सरोवरांचा संपर्क हा त्यांच्या दृष्टीने विटाळ नसून सुचिन्ह आहे.

सौंदर्याच्या बाजूने विचार करायचा, तर भारतीय काव्यशास्त्रापुढे येथे एक अडचण उभी राहते. रसाचा सिद्धांत नाट्यशास्त्रात नाटकाच्या संदर्भात मांडला गेला आणि इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने त्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. त्याच्या मते रस हा लौकिक सुखदुःखाहून वेगळा असतो, कारण प्रेक्षक रंगभूमीवरील शोक अथवा रती यांचा अनुभव ‘माझे’ किंवा ‘शत्रूचे’ अशा कप्प्यांत न घालता घेतो. या व्यक्तिनिरपेक्ष होण्याला साधारणीकरण म्हणतात. रसास अडथळा आणणाऱ्या विघ्नांपैकी एक विघ्न म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे, आणि ते दूर करण्यासाठी रंगमंच, संगीत, वेशभूषा ही सामग्री लागते. प्रत्यक्ष सरोवरापुढे ही सामग्री नसते. त्यामुळे काटेकोर रसवादी म्हणेल, की सरोवर हे स्वतः रस देत नाही, ते फार तर उद्दीपन विभाव असते, म्हणजे दुसऱ्या कोणत्या तरी भावाला चेतवणारी परिस्थिती. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात शांत रसाच्या उद्दीपनांमध्ये पुण्य आश्रम, क्षेत्रे, तीर्थे आणि रमणीय वने यांची गणना केली आहे, आणि ती करताना तीर्थ व रमणीय वन यांना शेजारी बसवले आहे, ही बाब या चर्चेत महत्त्वाची. शांत रसाच्या दृष्टीने पवित्र जागा आणि सुंदर जागा एकच काम करतात: दोन्ही मनाला विषयांपासून मागे खेचतात.

तरीही काटेकोर रसवाद्याच्या आक्षेपाला एक उत्तर देता येते. नाट्यगृहाची सामग्री जे काम करते, ते दुर्गम सरोवराच्या बाबतीत त्याची दुर्गमता करते. ज्या पाण्यावर कोणाच्या शेताचे पाट अवलंबून नाहीत, ज्याच्या वाटपावरून भावकीत खटला नाही, ज्याला नळाची तोटी नाही की घागरींची रांग नाही, त्या पाण्याकडे पाहताना ‘हे माझ्या काय उपयोगाचे’ हा प्रश्न मनात उगवण्याआधीच विझतो. मराठवाड्यातल्या एखाद्या तलावाकडे जानेवारीत पाहणारा शेतकरी पाण्याची पातळी पाहतो, आणि ते त्याने करायलाच हवे. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० च्या आपल्या ग्रंथात सौंदर्यविषयक निर्णयाचे पहिले लक्षण म्हणून हीच गोष्ट सांगितली: एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणताना तिच्या अस्तित्वापासून मिळणाऱ्या लाभाशी मनाला कर्तव्य नसते. त्यानेच पुढे उदात्ताचे, म्हणजे आपल्या कल्पनाशक्तीला न पेलणाऱ्या विशालतेपुढे होणाऱ्या भीतीमिश्रित आनंदाचे, विवेचन करताना म्हटले, की समुद्राकडे पाहताना त्यातील जलचरांचे वा वाफेच्या चक्राचे ज्ञान बाजूला ठेवावे आणि कवी पाहतात तसे, केवळ डोळ्यांना जे दिसते तेच पाहावे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यकल्पनेला दोन ध्रुव असल्याचे दाखवले, एक जीवनव्यवहारापासून अलग असलेला अलौकिकतेचा आणि दुसरा जीवनाच्या मूल्यांशी जोडलेला लौकिकतेचा. त्यांच्या मांडणीचा आधार घेतला, तर असे म्हणता येते, की राक्षसतालाचे सौंदर्य पहिल्या ध्रुवाजवळ आहे आणि मानसाचे दुसऱ्या, कारण मानसाकडे पाहणाऱ्याच्या नजरेत पुण्य, पितर, मोक्ष, पुराणकथा हे सर्व आधीच येऊन बसलेले असते.

येथून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. भाविकाला मानसाचे सौंदर्य दिसते तेव्हा त्याचा हेतू निरपेक्ष नसतो. त्याला स्नान करायचे असते, आणि स्नानातून काही मिळवायचे असते. पुण्य हा शेवटी लाभच आहे, धान्य किंवा पैसा यांच्याइतका ढोबळ नसला तरी. जेथे काहीच मिळवायचे नाही तेथे, म्हणजे वर्ज्य सरोवराच्या काठावर, तोच भाविक नकळत कांटचा आदर्श प्रेक्षक होतो. तुकोबांनी तीर्थयात्रेतील याच लाभदृष्टीवर प्रहार केले आणि दगडपाण्यापलीकडे संतसंगतीकडे बोट दाखवले. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला जे अंतरंग तीर्थ सांगतात, तेही एका खोल, निर्मळ डोहाच्या रूपातच: सत्य हे त्याचे पाणी आणि धैर्य हा त्याचा डोह. ही परंपरा सरोवराचे रूप वापरते, पण सरोवरापर्यंत जाण्याची गरज काढून टाकते. ती खरी असेल, तर मानस आणि राक्षसताल यांतील भेद यात्रेच्या नकाशावर उरतो, पण साधनेत त्याला अर्थ राहत नाही.

दुर्गमतेबद्दल मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. कोणतीही जागा स्वतःहून दुर्गम नसते. ती कोणापासून तरी दूर असते. याक आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या तिबेटी पशुपालकांना मानसाचा काठ हे चराईचे कुरण होते, आणि लोकर व मीठ यांचा व्यापार त्याच वाटांनी चाले. त्यांना हे सरोवर लाभरहित मुळीच नव्हते. असे असूनही त्यांची श्रद्धा भारतीय यात्रेकरूपेक्षा अधिक अंतर राखणारी दिसते: सामान्यतः ते पाण्यात उतरून अंग धूत नाहीत, ओंजळीने पाणी पितात, डोक्यावर शिंपडतात, किनाऱ्याला लागलेले मृत मासे औषधी म्हणून जपतात, आणि मुख्यतः कोरा करतात, म्हणजे सरोवराभोवती प्रदक्षिणा घालतात. पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर चालून सरोवर सतत उजव्या हाताला ठेवणाऱ्या माणसाला ते स्नान करणाऱ्यापेक्षा अधिक काळ आणि अधिक बाजूंनी दिसते. बोनपो, म्हणजे बोन परंपरेचे अनुयायी, उलट दिशेने फिरतात, म्हणून त्यांना तेच दृश्य उलट क्रमाने उलगडत जाते. काठावरच्या थंड पाण्यातील घाईच्या बुडीपेक्षा प्रदक्षिणा ही सौंदर्यदृष्टीला अधिक जवळची उपासना आहे, असे मत येथे नोंदवायला हरकत नाही. आता गाड्या काठापर्यंत जातात आणि कित्येक जण प्रदक्षिणाही बसमधून उरकतात, तो भाग वेगळा.

कवींनी या सरोवराचे काय केले, हे पाहिले की प्रश्न आणखी तीव्र होतो. मेघदूतातील यक्ष रामगिरीवर आहे, जो वा. वि. मिराशींसह अनेक विद्वानांनी नागपूरजवळचा रामटेक मानला आहे. तेथून निघालेल्या मेघाला कालिदासाने मानसाकडे उत्सुक झालेले राजहंस सोबतीला दिले आणि मानसाच्या पाण्यात सोन्याची कमळे फुलवली. हंसांच्या वाटेत काही सत्य आहे: तिबेटच्या सरोवरांवर वीण करणारे पट्टकादंब हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात येतात, जायकवाडीसारख्या महाराष्ट्रातील जलाशयांवरही दिसतात, आणि उन्हाळ्याआधी परततात. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली १९४५ मध्ये मानस-कैलासाला गेले, तेव्हा त्यांनी आपल्या वृत्तान्ताच्या शीर्षकात त्या प्रवासाला पक्ष्यांसाठीची तीर्थयात्राच म्हटले. सोनेरी कमळांचे मात्र तसे नाही. त्या उंचीवर, जेथे सरोवर हिवाळ्यात पूर्ण गोठते, तेथे साधी कमळेही फुलत नाहीत. मेघदूतात याहून सूक्ष्म असे आणखी एक स्थळ आहे. अलकानगरीतील यक्षाच्या घरच्या विहिरीत राहणारे हंस, मानस अगदी जवळ असूनही, तिकडे जाण्याची इच्छा करत नाहीत, कारण त्यांचे दुःख निमाले आहे. म्हणजे मानसाची ओढ ही उणिवेतून येते, आणि उणीव भरली की सर्वांत सुंदर सरोवरही अनावश्यक होते, इतके धीट विधान कालिदासाने जाता जाता केले आहे. कालिदासाला वेदान्ती ठरवण्याचा हट्ट येथे करू नये, पण पुढच्या अनेक धर्मग्रंथांपेक्षा या एका श्लोकाने तीर्थाच्या तर्कशास्त्राला अधिक खोल धक्का दिला आहे.

सोन्याच्या कमळांसारख्या वर्णनांचे काय करायचे, हा प्रश्न भारतात फारसा कोणी विचारला नाही. तिबेटमध्ये तो विचारला गेला आणि त्यावरून मोठा वाद झाला. बौद्ध विश्वरचनेत अनवतप्त, म्हणजे कधीही न तापणारे, एक सरोवर हिमवताच्या पलीकडे असून त्यातून चार महानद्या चार दिशांना निघतात असे सांगितले आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात त्याचे स्थान दिले आहे आणि ज्यांच्याजवळ सिद्धी नाही त्यांना तेथे पोहोचणे कठीण, असेही म्हटले आहे. पुढे तिबेटी परंपरेने मानसाला, ज्याला ते माफाम म्हणतात, हेच अनवतप्त मानले आणि कैलासाला, म्हणजे तीसेला, शास्त्रातील हिमवत मानले. भूगोलाने या समजुतीला अर्धवट साथ दिली: सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या चार नद्या खरोखरच या परिसरातून निघतात, आणि तिबेटी लोक त्यांना अनुक्रमे सिंह, हत्ती, घोडा आणि मोर यांच्या मुखांतून निघालेल्या म्हणतात, मात्र गंगा, जिच्या शोधात युरोपीय भूगोलकार दीर्घकाळ या सरोवराकडे पाहत राहिले, ती येथून निघत नाही.

या समजुतीला तेराव्या शतकात साक्य पंडिताने (११८२–१२५१) आव्हान दिले. हा तिबेटमधील मोठा तर्कशास्त्रज्ञ, संस्कृत जाणणारा आणि शास्त्रवचनांबाबत अतिशय कडक. तीन प्रकारच्या व्रतांची छाननी करणाऱ्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले, की शास्त्रांत हिमवत आणि अनवतप्त यांचे जे वर्णन आहे, ते हत्ती, ती जांभळाची झाडे, ती रचना, त्यांपैकी काहीही तीसे आणि माफाम येथे आढळत नाही. म्हणून हे ते नव्हे. यावर येऊ शकणारी दोन उत्तरे त्याने स्वतःच मांडली आणि खोडून काढली. काळाच्या ओघात जागा बदलली असेल, असे एक उत्तर. कवी अतिशयोक्ती करतातच, त्यामुळे वर्णन शब्दशः घेऊ नये, असे दुसरे. दुसऱ्यावरील त्याचे प्रत्युत्तर सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाने ध्यानात ठेवावे असे आहे: स्तुती किंवा निंदा करताना कवीने वाढवून सांगितले तर दोष नाही, पण जेथे वस्तूचे स्वरूपच सांगायचे असते, तेथे कमी अथवा जास्त सांगणे विद्वानांना मान्य होऊ शकत नाही. कांटने ज्ञान बाजूला ठेवून कवीच्या नजरेने पाहण्यास सांगितले. साक्य पंडिताने त्याच्या साडेपाचशे वर्षे आधी सांगितले, की धर्माचा दावा कवीच्या नजरेवर उभा करता येत नाही. दोघांचे म्हणणे परस्परविरोधी वाटते, पण ते एकाच रेषेच्या दोन बाजूंनी बोलतात. सुंदर म्हणताना वस्तूच्या स्वरूपाबद्दल काही सिद्ध होत नाही, हेच दोघांनाही अभिप्रेत आहे.

तिबेटी बौद्ध धर्मातील काग्यू संप्रदायाचे अनुयायी, ज्यांचे साधक कैलासाभोवतालच्या गुहांत राहत, त्यांना हा युक्तिवाद मान्य होणे शक्य नव्हते. त्यांच्या बाजूचे उत्तर विज्ञानवाद या बौद्ध दर्शनाला जवळचे आहे, ज्याच्या मते अनुभवाला येणारे जग चित्ताच्या संस्कारांनी घडते. त्या दर्शनात एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे: जे मनुष्याला नदीचे पाणी दिसते, ते देवांना अमृत दिसते आणि प्रेतयोनीतील जीवांना पू व रक्त. त्याच न्यायाने तीसे आणि माफाम सामान्य नजरेला दगड व पाणी दिसले, तरी शुद्ध नजरेच्या साधकाला तेथे शास्त्रात सांगितलेले सारे दिसते. हे उत्तर सुंदर आहे आणि तार्किकदृष्ट्या निसटते, कारण त्याला खोटे ठरवण्याचा मार्ग उरत नाही. साक्य पंडिताचा खरा मुद्दा हाच होता. मात्र ते पूर्णपणे टाकाऊही नाही. त्याचा आशय प्रामाणिकपणे पुढे नेला, तर मानस पवित्र आणि राक्षसताल अपवित्र हा भेदही नजरेवर अवलंबून आहे असे मान्य करावे लागते, आणि मग ज्याला राक्षसताल अपवित्र दिसते, त्याने सरोवराऐवजी आपली नजर तपासावी लागते. हा निष्कर्ष त्या परंपरेतील सर्वांना परवडणारा नव्हता.

स्वतः बुद्धाच्या नावावरील एका सुत्तात डोंगरातील सरोवराचा जो उपयोग केला आहे, तो या सर्व वादापेक्षा साधा आणि टणक आहे. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात, म्हणजे श्रमणजीवनाचे फळ सांगणाऱ्या प्रवचनात, ध्यानाच्या एका पायरीसाठी अशा डोहाची उपमा येते, ज्याला कोणत्याही दिशेने पाणी येऊन मिळत नाही, पण तळातूनच उमाळा फुटून तो सर्वत्र गार होतो. शेवटच्या पायरीसाठी, म्हणजे आस्रवांचा, मनाला गढूळ करणाऱ्या वासनांचा, क्षय झाल्याच्या ज्ञानासाठी, डोंगरांच्या कुशीतील स्वच्छ, निवांत, गाळ नसलेल्या सरोवराची उपमा दिली आहे. काठावर उभा असलेला डोळस मनुष्य त्यात शिंपले, गोटे, वाळू आणि माशांचे थवे, काही स्थिर व काही पोहणारे, स्पष्ट पाहतो. येथे सरोवराची निळाई नाही, शिखराचे प्रतिबिंब नाही, तळाशी देवतेचा महाल नाही. जे आहे ते गोटे आणि मासे. मुक्तीच्या ज्ञानाला इतक्या सामान्य वस्तूंची उपमा देण्यात एक निर्णय आहे: सरोवराचे श्रेष्ठत्व तळापर्यंत दिसू देण्यात आहे, वरच्या चमकण्यात नाही. या कसोटीला मानस आणि राक्षसताल दोन्ही सारखीच उतरतात, कारण निर्मळपणाच्या बाबतीत त्यांच्यात पापपुण्याइतके अंतर नाही.

उंचीवरील विरळ हवेचा प्रश्नही टाळता येत नाही. साडेचार हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि थकलेल्या, अपुऱ्या झोपेच्या, उपाशी यात्रेकरूला जो भव्यतेचा भास होतो, तो मेंदूला कमी पडलेल्या प्राणवायूचा परिणाम आहे, असे म्हणणारे लोक आहेत. अनुभव कसा उत्पन्न झाला हे कळले, म्हणून तो खरा की खोटा हे ठरत नाही. ताप आलेल्या माणसाने केलेले गणितही बरोबर असू शकते. पण या आक्षेपात एक उपयुक्त सूचना आहे, जी भाविकांनी घेण्यासारखी आहे: तोच माणूस, तितक्याच दमलेल्या अवस्थेत, राक्षसतालाच्या काठीही उभा असतो, आणि तेथे त्याला भव्यतेचा भास झाला तर तो सांगत नाही.

तिबेटी तांत्रिक परंपरेने मात्र राक्षसतालासाठी जागा करून ठेवली आहे. तेथे मानसाला सूर्याच्या गोल बिंबाशी आणि राक्षसतालाला चंद्रकोरीशी जोडले जाते, एक प्रकाशाचे आणि दुसरे अंधाराचे असे मानले जाते, आणि योगशरीरातील उजव्या-डाव्या नाड्यांप्रमाणे दोन्हींपैकी एकीवाचून दुसरीचे काम चालत नाही असे धरले जाते. हिंदू यात्रापरंपरेत अशी जोडी बांधण्याचे साधन अपरिचित नव्हते, इडा आणि पिंगला या नाड्यांच्या रूपाने ते योगग्रंथांत होतेच, परंतु या दोन सरोवरांच्या बाबतीत ते वापरले गेले नाही. कैलास-मानसावर दीर्घकाळ राहून इंग्रजीत बारकाईने लिहिणारे स्वामी प्रणवानंद हे एक अपवाद म्हणावे लागतील. त्यांनी राक्षसतालातील बेटांची माहिती दिली आणि दोन्ही सरोवरांच्या गोठण्याच्या व बर्फ फुटण्याच्या नोंदी सारख्याच काळजीने ठेवल्या, आणि एका संन्याशाने वर्ज्य पाण्याकडे मोजमापाच्या निःपक्षपातीपणाने पाहणे, ही त्या सरोवराला भारतीय बाजूने मिळालेली पहिली खरी दाद आहे. तिबेटमधील तकलाकोट या गावाहून उत्तरेला येणारा रस्ता आधी राक्षसतालाच्या काठाने जातो, त्यामुळे २०२५ मध्ये पाच वर्षांच्या खंडानंतर लिपुलेख खिंडीमार्गे पुन्हा सुरू झालेल्या यात्रेतील बहुसंख्य लोकांना कैलासाचे पहिले दर्शन, निदान आकाश मोकळे असेल तेव्हा, याच पाण्यापलीकडे होते, आणि ते तेथे थांबून छायाचित्रे काढतात. पाण्याला हात लावू नका, अशी सूचना त्यांना त्याच थांब्यावर दिली जाते.